गच्चीवरची शतपावली

मंगळवार, संध्याकाळ

लेकीचं, मंदाचं, दुर्बिणीचं नाटक आजही झालंच. आधी दुर्बिणीची नळी बाहेरच्या हवेइतकी गार व्हायची वाट पाहायची, मग हलू नये म्हणून तिवईला ज्वारीची पिशवी टांगायची. मी जेवून गच्चीवर चालत होतो, तर पोरगी ओरडलीच, "आबा, बठ्ठा फोटो हाली गया! बसा ना एका जागी!" माझ्या चालण्यानं गच्ची हादरते आणि सगळा फोटो हलतो म्हणे.

गच्ची माझी, पाय माझे! पण बसलो. जावई वारल्यापासून ती हो-नाहीच्या पुढं बोलत नव्हती. आज चक्क ओरडली.

मग ताऱ्यांचा फोटो दाखवला. मला तर मीठ सांडल्यासारखं दिसलं. "तुम्ही बसले म्हणून आला," म्हणाली, हसलीसुद्धा.

उद्या आधी थोडं चालू का? चालतोच. ओरडू दे.