सेतूची फटफटी

कुंभकोणम्
१२ मार्च १९५६

तीर्थस्वरूप अण्णास,

सेतूचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व कुशल. वहिनींची कंबर आता कशी आहे? त्यांनी पाठवलेल्या ताकातल्या मिरच्या पोचल्या. हे रोज मागून खातात.

तू विचारलंस, आपली सेतू फटफटी चालवते म्हणतात, हे खरं का? खरं आहे. ह्यांचीच ती, गुरांच्या डॉक्टरकीसाठी खेडोपाडी हिंडायला घेतलेली. बाजूला एकचाकी डोली जोडलेली आहे, तीत हे बसतात.

शिकताना फजितीच झाली. लग्नाआधी दहा वर्षं तुझ्याबरोबर माणकी घोडीवर सवारी केली, ते अंग विसरलेलं नाही. वळण आलं की मी गुडघे आवळून कलायची, आणि फटफटी आपली सरळ भातशेतात! थांबवताना तोंडातून "हो, हो" निघायचं. हे डोलीतून हसायचे. "अगं, टाच कुठं मारतेस? कान दे. कण्हायला लागली की गिअर बदल."

पहाटे अरसलार नदीच्या काठानं जातो. धुक्यात चाकं जमिनीला लागतात की नाही, कळत नाही. हे डोळे मिटून सांगत असतात, "हा पानमळा. इथं कॉफी भाजतायत. आता पूल." एकदाही चुकत नाहीत. वाटतं, आम्ही दोघं कुणाच्या तरी झोपेतून चाललोय.

अण्णा, डोळे मिटून, असं लिहिलं खरं. मिटले काय नि उघडे काय. पोंगलपासून ह्यांना दिसत नाही. मद्रासच्या डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितलं. तुला कळवलं असतं तर त्याच दिवशी न्यायला आला असतास, आणि मी आलेही असते. म्हणून कळवलं नाही.

गेल्या शुक्रवारी तिरुनागेश्वरम्‌हून चंद्रमौळींचा निरोप आला, गाय अडलीय. हे म्हणाले, "दुसऱ्या कुणाला बोलवा." मी फटफटी दाराशी आणून चालू केली, आणि तशीच बसून राहिले. बऱ्याच वेळानं हे भिंत चाचपत आले नि डोलीत बसले.

चंद्रमौळी माझ्याकडे बघेनात. ह्यांनी बाही सारून दंडापर्यंत हात आत घातला आणि चेहरा एकदम पूर्वीसारखा झाला. "पाय मुडपलाय," म्हणाले. मग हळूच, "सेतू, इथं मला कधीच काही दिसत नव्हतं गं." वासरू जिवंत निघालं. चंद्रमौळींनी ह्यांच्या हातावर पाणी घातलं, मग माझ्याही. परतताना ह्यांनी पहिल्यांदाच वेग वाढव म्हटलं.

तेव्हा आम्हाला न्यायला येऊ नकोस, भेटायला ये. स्टेशनवर बैलगाडी करू नको, मी येईन. माझ्या मागं बसावं लागेल. लोक बघतील. तू मान खाली घालू नकोस, एवढंच मागते.

तुझी धाकटी,
सेतू

ता. क. खालच्या वाकड्या ओळी ह्यांच्या. मी हात धरला नाही.

व्यंकोजीराव, हिनं कळवलं ते बरं केलं. माझ्याच्यानं लिहवलं नसतं.