चाळिसाव्या मिनिटाला बंद पडणारा कॉम्प्युटर

वरवंड, मंगळवार, सकाळी

माझे अठ्ठावीस वर्षांचे जोडीदार, शिरूरचे सेवानिवृत्त वाहक नागसेन यांस हौसराव चालकाचा जय भीम, आणि वहिनींना नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरनं जिना चढू नको म्हटलंय ना, मग चढू नको. गच्चीवरची कबुतरं काही उपाशी मरत नाहीत. इकडं आम्ही दोघं बरे आहोत. साखरबाईचं बीपी गोळीवर चाललंय आणि माझं साखरबाईवर. फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात आलंच असेल. तर फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकतो, नोकरीत असल्यापासून हेच चाललंय. आज मला मधे कोणी नको होतं.

विषय विश्वजीतच्या कॉम्प्युटरचा आहे. पोरगं तीन वर्षांपूर्वी स्वीडनला गेलं आणि हे मोठं धूड आमच्या गळ्यात मारून गेलं. गेल्या दिवाळीला आला तेव्हा त्यानं त्याला जोडायचं स्टेअरिंग आणलं, खाली ब्रेक-ॲक्सिलेटरसकट, आणि ट्रक चालवायचा एक खेळ त्यात घालून दिला. मी म्हटलं, एकतीस वर्षं खरी गाडी हाकली, आता म्हातारपणी हे पोरखेळ कशाला. पण नागसेन, तिथला रस्ता तू बघच एकदा. खड्डा म्हणून नाही. दोन्ही अंगांनी उंच काळी झाडं, वरून बर्फ भुरभुरतंय, उजेड असा तिरपा पडलेला की सकाळ आहे का संध्याकाळ ते कळत नाही, आणि कळून घ्यावंसं वाटतही नाही. हात करणारं कोणी नाही, सुट्ट्यासाठी भांडणारं कोणी नाही. पहाटेच्या दौंड-शिरूर एसटीला पारगावच्या पुलावर धुकं असायचं आणि तू तिकिटं संपवून पुढं येऊन गप्प बसायचास (वर्षातून एखाद वेळी), तसं वाटतं. साखरबाई शेजारी खुर्ची ओढून बसते. बर्फाचा रस्ता लागला की शाल घेते. बाहेर मे महिन्याचं ऊन, अंगणात पाय ठेववत नाही, आणि ही आत शाल पांघरून मला म्हणते, जरा हळू घ्या, घसरंल. मग कपाटाकडं मान करून डोळे मिटते. मी एकटाच चालवत राहतो. कुठं पोचायचं असतं ते मी बऱ्याचदा विसरतो.

एकटा म्हणजे अगदी एकटा नाही. दर रविवारी दुपारी तीनला विश्वजीत तिकडून त्याच्या ट्रकमधे बसतो. पुढं त्याचा लाल ट्रक, मागं माझा निळा, आणि दोघांच्या तोंडाशी माइक, त्याचा आवाज माझ्याकडं स्पीकरवर. आता खरं सांगतो. फोनवर आमचं बोलणं म्हणजे, जेवला का, जेवलो, थंडी हाय का, हाय, आणि ठेवू का. गाडी चालवताना मात्र तो बोलतो. दोघांनी समोर बघायचं, एकमेकांच्या तोंडाकडं बघायचं नाही, म्हणून जमत असेल. नववीनंतर पहिल्यांदा माझं पोरगं माझ्याशी बोलायला लागलं. मी रविवारची वाट बघायला लागलो.

आणि तिथंच माशी शिंकली. बर्फाचं जंगल लागलं की बरोबर चाळिसाव्या मिनिटाला कॉम्प्युटर फटदिशी बंद. पहिल्यांदा तो म्हणाला, "अण्णा, तुम्हाला एक सांगायचं होतं," आणि पडदा काळा. फोन लावला तर म्हणे, काय न्हाई, सांगतो नंतर. पुढच्या रविवारी म्हणाला, "अण्णा, ते राहिलंच, म्हंजी," आणि काळा. तिसऱ्या खेपेला त्यानं नुसता घसा खाकरला तेवढ्यात गेलं. माझं जेवण कमी झालं. नोकरी गेली का याची? काही आजारपण? का कायमचाच तिकडं राहतो म्हणतोय? फोनवर खोदून विचारलं की एकच उत्तर, गाडीत बोलू.

मग मी मशीनच्या हात धुऊन मागं लागलो. आधी व्होल्टेजवर संशय घेतला, कारण शेतीची लाइन आली की आळीतल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. यवतहून स्टॅबिलायझर आणला. चाळीस मिनिटं. टेबल दक्षिणेच्या भिंतीपासून पूर्वेला घेतलं. चाळीस मिनिटं. वायरी काढून, पुसून परत लावल्या (एक उरली, ती खिशात घेऊन फिरतोय). डबा चटके देत होता म्हणून समोर टेबलफॅन लावला, तर तीन मिनिटं वाढली. शेवटी तुझ्या पोरीला, मायाला फोन केला, रांजणगावच्या कंपनीत कॉम्प्युटरचं बघते म्हणून.

पोरगी शनिवारी न्हावऱ्याच्या रस्त्यानं स्कूटीवर आली. चहासुद्धा न घेता खुर्चीत बसली, पासवर्ड टाकला आणि कामाला लागली. (पासवर्ड मी सांगितला नव्हता. मला वाटलं, इंजिनियर लोकांना कळत असेल.) मग टेबलाखाली वाकली आणि म्हणाली, "काका, ह्याला कुंची कोणी घातली?" तुला साखरबाई माहीत आहे. आमच्या घरात फ्रीजला कव्हर, मिक्सरला कव्हर, पाण्याच्या मोटारीलासुद्धा कव्हर. कॉम्प्युटरला तिनं जुन्या इरकली लुगड्याचं शिवलं होतं, अस्तर लावून, झालरीसकट, फक्त बटणापुरती आणि वायरींपुरती जागा उघडी. हवा यायची-जायची सगळी भोकं आत. जड खेळ लागला की आतलं तापायचं आणि जीव वाचवायला मशीन बंद व्हायचं. माझा फॅन कव्हराला वारा घालत होता. थंडीत इंजिन लवकर तापावं म्हणून रेडिएटरपुढं लावलेला पुठ्ठा नंतर काढायचा राहिला म्हणून एका नव्या चालकाला मी डेपोत चारचौघांत नको नको ते बोललो होतो, आठवतंय? तो भेटला तर त्याची माफी मागणार आहे.

साखरबाईचं तोंड एवढंसं झालं. मायानं कव्हर बाजूला टाकलं नाही. चौघडी घालून तिच्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "काकू, मशीन बंद केल्यावर घालत जा. धुळीला चांगलंच आहे." तेव्हापासून आमच्याकडं मायाचं नाव निघाल्याशिवाय जेवण होत नाही.

मग परवाचा रविवार. चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली. झाडं मागं पडली आणि पुढं एक गोठलेलं तळं लागलं, एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसेना. वर गुलाबी उजेड. साखरबाईचे डोळे मिटलेले. त्या तळ्याच्या कडेनं विश्वजीत बोलला, पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण बोलला. आणि त्यानंतर कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. मशीनचा काही भरवसा नाही बाबा. तब्येतीला जप.

तुझा
हौसराव

ता. क. मशीन बंद पडलं नव्हतं. मी बटण दाबलं. विश्वजीत म्हणाला, "अण्णा, मी आन् नागसेनकाकांची माया लग्न करायचं म्हणतोय." आपण दोघं अठ्ठावीस वर्षं एका डब्यात जेवलो. तुझी आई गेली तेव्हा मी खांदा दिला. त्यावर मी स्वतःला फार मोठा माणूस समजत होतो. आणि हे ऐकल्याबरोबर डोळ्यांपुढं भावकी उभी राहिली, थोरला भाऊ उभा राहिला, आणि बोट बटणावर गेलं. विश्वजीतला सांगितलं, मशीन परत गेलं रे. मला लाज वाटते, नागसेन.

ता. क. दुसरा. साखरबाई झोपलेली नव्हती. म्हणाली, मला सून पसंत हाय, तुमचं तुम्ही बघा.

ता. क. तिसरा. काल मायाचा फोन आला. दुरुस्ती टिकली का बघायचंय, म्हणून कॉम्प्युटरमधली एक यादी उघडायला लावली आणि तिचा फोटो मागितला. मी पाठवला. मला काय ठाऊक, हे मशीन आपण कधी आणि कशानं बंद झालो ते लिहून ठेवतं. दोन मिनिटांनी म्हणाली, "काका, आधीच्या सगळ्या वेळा तापल्यामुळं आहेत. कालची बटणाची आहे." मी फोन या कानाचा त्या कानाला घेतला. मग म्हणाली, "विश्वजीतला मी सांगत नाही. तुम्ही सावकाश विचार करा." विचार झाला. मुलीच्या बापानं मुलाकडं यायचं अशी आमच्यात रीत, पण येत्या रविवारी सकाळी आम्ही दोघंच शिरूरला येतो, तुझी पोरगी मागायला. तू नाही म्हणालास तर तो तुझा हक्क आहे. फक्त मायाचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घे, माझ्यासारखं करू नको.