वांग्यांना मुंग्यांचा पहारा

४ ऑक्टोबर १९३७
आजपासून बाडी माझ्या चार्जमध्ये. घरामागची ही भाजीची बाडी वीस वर्षं सौ.ने सांभाळली. सांभाळली म्हणजे काय, राख टाकली नि पाणी दिलं. सिस्टिम नावाला नाही. गोंदियाच्या मालधक्क्यावर तीस वर्षं क्लार्की करून मी रिटायर झालो. वॅगन कुठे लावायची हे ज्याला कळतं, त्याला वांगं कुठे लावायचं हे कळणारच.
काल आमच्या शामकलाचं लग्न माघात ठरलं. व्याही उदारामजींना मी शब्द देऊन टाकला की पंगतीची सगळी भाजी घरच्या बाडीची, बाजाराचं एक पान नाही. ते म्हणाले, पाचशे माणूस होते, बाबूजी. म्हटलं, हजार येऊ द्या!
आत सौ. भांडी फार जोरात ठेवत होती.

५ ऑक्टोबर
सौ.ची अट. पोरीच्या सासरच्यांसमोर खाली पाहायची पाळी आली, तर बाडीत पुन्हा पाय ठेवायचा नाही. लेखी देऊ का, विचारलं. म्हणाली, माले वाचता कोठी येते.

९ ऑक्टोबर
शेजारच्या उमरावच्या आज्याने गावचा तलाव बांधला, म्हणून उमराव मातीबद्दल फार बोलतो. माणूस भला. तलावातून काढलेला गाळ आठ गाड्या दिला. त्यावर मी स्वतः शेण पसरलं. ताजं. उमराव म्हणाला, आधी कुजू द्या न बाबूजी, कच्च्या शेणानं हुमणी लागते. म्हटलं, भाजी आपण ताजी खातो ना? मग भाजीने शिळं का खावं?


११ नोव्हेंबर
वांग्याच्या दोनशेपैकी दीडशे रोपं आडवी. मुळाशी जाड पांढऱ्या अळ्या. हुमणी म्हणतात तीच. उमराव हसलासुद्धा नाही, याचा जास्त राग आला.
कारण शोधलं. शेण सौ.च्या गाईचं. गाईलाच शिस्त नाही.
पुन्हा लागवड केली. (रोपं उमरावची.)

३ डिसेंबर
पानांखाली मावा. सौ. राखेचं टोपलं घेऊन आली. फाटकावरच अडवलं. राख अनसायंटिफिक. माही माय राखच टाके, म्हणाली. सासूबाईंबद्दल आदर आहे, पण त्यांनी कधी रेल्वेत नोकरी केली नाही.

६ डिसेंबर, सकाळी ७
आयडिया!! बिसराम नागझिऱ्याच्या जंगलातून लाकूड आणतो. त्याच्याकडून कळलं, लाल मुंग्या पानं शिवून घर करतात, आणि ज्या आंब्यावर त्या असतात तिथे अळी टिकत नाही. सहा घरं आणवली. बाडीतल्या आंब्यावर बांधली. तिथून प्रत्येक वांग्यापर्यंत सुतळी. मेन लाइन न ब्रँच लाइन.
बिसराम जाताना म्हणाला, मी आंब्याचं बोललो होतो बाबूजी, वांग्याचं नाई.

१९ डिसेंबर
बंदोबस्त कडक. बाडीत अळी नाही, गाय नाही, चोर नाही. सौ. नाही. मीही नाही. चार दिवस कुंपणाबाहेरून सुपरव्हिजन करतो आहे.

८ जानेवारी १९३८
मावा दुप्पट. शामकला कुंपणापाशी तासभर उभी राहून आली. म्हणे, मुंग्या मावा खाऊन नाही राहिल्या, बाबा, राखून राहिल्या. त्याच्या अंगातून गोड पाणी निघते ते पितात, न मावा खाणारे किडे आले तर हाकलून देतात. म्हटलं, तू तुझ्या लग्नाचं पाहा. म्हणाली, माह्याच लग्नाची भाजी होय न ते.
पोरगी हुशार आहे. पण सुतळीवर ट्रॅफिक दिवसभर चालू असते. एवढी मेहनत कोणी उगाच करत नाही.

३० जानेवारी
तयार माल: वांगी सतरा. किडकी अकरा. कोहळं एक, तेही लहान.
प्लॅन: रस्सा पातळ ठेवणे.

९ फेब्रुवारी
उद्या लग्न. मांडवावर हिरव्या डहाळ्या टाकायच्या. सौ. म्हणाली, उमरावच्या जांभळाच्या आणा. छे! बाडीचं काहीतरी लग्नाला लागलंच पाहिजे, शब्द दिला आहे. पहाटेच्या गारठ्यात आंब्याच्या फांद्या तोडवल्या. दिवसभर आभाळ होतं, एक मुंगी हलली नाही. मांडव असा गच्च झाला की पाहत राहावं. उमराव बराच वेळ वर पाहत होता. काही पानं शिवल्यावानी काऊन दिसून राहिली, म्हणाला.
म्हटलं, डिझाइन.

१० फेब्रुवारी, सकाळी ११
वरात आली. ऊन छान पडलं आहे.

दुपारी १२
किरकोळ गडबड.

सायंकाळी ५
खरं काय ते लिहितो. आधी उदारामजींचा फेटा. मग सनईवाल्याची मान. मग सगळे. पाचशे माणूस मांडवात नाचत होतं आणि वाजंत्री बंद होती. बाया पोरांना उचलून पळाल्या. नवरदेव पळाला. शामकला अंतरपाटाचं सुटलेलं टोक धरून उभीच होती, आणि माझ्याकडे पाहत होती. जमीन दुभंगेल तर बरं, असं वाटलं.
उमराव ओरडला, तलावाच्या पाळीवर चला! लग्न पाळीवर, तलावाच्या बांधावर लागलं. पंगत उमरावच्या खळ्यात बसली. वांग्याची भाजी, वालाची भाजी, मोठी मोठी कोहळी. सौ.ने पंधरा दिवसांआधीच गावात घरोघरी भाजीचं सांगून ठेवलं होतं. 
उदारामजींचा कान सुजून पुरीएवढा झालेला. दुसऱ्यांदा भाजी घेऊन त्यांनी विचारलं, तुमच्या बाडीचीच न, बाबूजी? मी त्यांचा द्रोण सरळ करू लागलो. वाढता वाढता सौ. म्हणाली, बाडीचीच होय, यायनंच लावली.
मी मान हलवली.
हात धुताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, आता पाय ठेवून पाहा बाडीत.

११ फेब्रुवारी
शामकला गेली. बैलगाडी पाळीच्या वळणाआड गेली आणि मी खळ्यातच मोठ्याने रडलो. थांबवता येईना. लोकांना वाटलं, मुंगी चावली. तिघीजणी चुना घेऊन धावत आल्या.
मी मुकाट्याने मान पुढे केली.