पिवळे वीस पैसे आणि उमरेडचा हवालदार

२ ऑगस्ट १९७२
आजपासून ठेवण्यासारखी नाणी वेगळी काढायची. संकल्प पक्का. टांकसाळीत काही नाणी कमी पाडतात आणि पुढे त्यांनाच भाव येतो. ऑफिसातल्या गिरिधरला हे कळत नाही, तो सगळी चिल्लर पानठेल्यावर घालवतो. मी अभ्यास करून ठरवीन.

४ ऑगस्ट
अभ्यास झाला. तीन पैसे बाद, फुंकर मारली तर उडतील. नेहरूंचा रुपया सगळेच ठेवतात, म्हणून तोही बाद. कमळवाले पिवळे वीस पैसे पास. ते पाडणं बंद झालं म्हणतात. त्यात सोनं आहे असंही इतवारी बाजारात बोलतात. माझा विश्वास नाही. असेल तर हरकतही नाही.

१२ ऑगस्ट
थिअरी बरोबर! मागच्या आठवड्यात भैयाजीच्या किराणा दुकानात पिवळी नाणी ढिगाने होती. मी रोज नोट मोडून ती घरी आणतो. आज एकच मिळालं. म्हणजे दुर्मिळ होत चाललीत. इतक्या लवकर होतील असं मलाही वाटलं नव्हतं.
भैयाजी म्हणाला, कोनीतरी चिल्लर दाबून ठेवून राहिला गा, सापडला तर पाहतो त्याले. मीही म्हणालो, पाहायलाच पाहिजे.

१९ ऑगस्ट, सकाळ
पेपर उघडला आणि चहा तसाच राहिला. नाणी वितळवायला साठवली तर तुरुंग. गरजेपेक्षा जास्त बाळगली तर वितळवायलाच ठेवली असं समजणार.
मी साठेबाज नाही, अभ्यासक आहे. पण हे पोलिसांना कोण समजावणार? पेन्शन तोंडावर आलंय. घरात स्टोव्ह आहे, म्हणजे पुरावा तयार. बायकोला, रुख्मिणीला सांगितलं, कढई काही दिवस दिसेल अशी ठेवू नको.

त्याच दिवशी, संध्याकाळ
उद्या सगळी खर्च करून टाकणार. प्लॅन ठरल्यामुळे शांत वाटतंय.

२० ऑगस्ट
भैयाजीसमोर पहिलं पिवळं ठेवलं. त्यानं नाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी न विचारताच म्हणालो, रस्त्यात सापडलं. साखर न घेताच परत आलो.
एकेक खर्च केलं तर संशय, एकदम केली तर अटक. तेव्हा तूर्त ठेवणं हेच शहाणपणाचं. घाबरून नाही. भाव यायचाय अजून.

२५ ऑगस्ट
नाण्यांची थैली गव्हाच्या कोठीत लपवली. रुख्मिणी नेमकी आजच गहू काढायला आली. मी पटकन कोठीवर बसलो. काहून बसले जी तिथं, असं तिनं विचारलं. पाठ दुखते, इथे बरं वाटतं, म्हणालो. संध्याकाळी भातच खाल्ला.

३० ऑगस्ट
उमरेडच्या बसमधून आलेल्या एकानं निरोप दिला, साळा देवराव पोळ्याला येतोय. देवराव तिकडे हवालदार आहे. लग्नाला एवढी वर्षं झाली, पोळ्याला कधी फिरकला नाही. यंदाच का? रुख्मिणीला आनंद झालाय. बिचारीला कल्पना नाही की तिच्या नात्याचा पोलीस खातं कसा फायदा घेतंय.
थैली खाटेखाली हलवली.

७ सप्टेंबर, पोळा
आला. साध्या कपड्यात. म्हणजे गुप्त तपास. पोटभर पुरणपोळ्या खाल्ल्या आणि नेमका त्याच खाटेवर बसला. पान लावता लावता म्हणाला, भाऊजी, तुमच्याकडं ते पिवळे वीस पैशे येतात काय जी?
माझ्या हातातून तांब्या पडला. मी म्हणालो, आमच्याकडे नोटाच येतात.
इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. भीती वाटते. फार भीती वाटते.

८ सप्टेंबर, तान्हा पोळा
सुटलो! आज पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे बैलाच्या नावानं खाऊ-पैसे, मागत फिरतात. मी दारात बसलो आणि प्रत्येक बैलामागे मूठभर पिवळी दिली. बातमी पसरली. आधीची पोरं पुन्हा आली. काहींनी विटेला दोरी बांधून तोच बैल म्हणून आणला. त्यांनाही दिली. दुपारपर्यंत थैली रिकामी.
देवराव ओट्यावरून डोळे फाडून पाहत होता. शेजारच्या कुसुमताईंनी रुख्मिणीला विचारलं, तुह्या मालकाले बरं नाही काय वं?
एकदम बरं आहे. कित्येक दिवसांनी मनापासून जेवलो.

९ सप्टेंबर
देवरावनं सकाळी मला एकट्याला अंगणात नेलं. मी आपणहून दोन्ही हात पुढे केले. तो त्यातलाच एक धरून रडकुंडीला आला. भाऊजी, माह्याकडं पेटीभर पिवळे वीस पैशे हायेत. कायदा आल्यापासून झोप नाही लागत. हवालदाराच्याच घरी सापडले तर नोकरी जाईन. तुमी शिकलेले, सांगा, ठेवू का टाकू?
माझ्या अंगात बळ आलं. म्हणालो, ठेव. दुर्मिळ आहेत. पोलिसानं कोणाला भ्यायचं? मला बघ. बराच वेळ धीर दिला. त्याला पटलं. फारच पटलं. स्टँडवर ओळखीच्या माणसाकडे ठेवलेली पेटी तो रिक्षात घालून घेऊन आला. म्हणाला, तुमी कालच साऱ्या मोहल्ल्यासमोर पोराईले पैशे वाटले, तुमच्यावर कोनाले शक येईन?
मी काही बोलायच्या आत दोघा माणसांनी ती आत आणलीसुद्धा. देवराव दुपारच्या बसनं गेला. भाऊ किती मोकळा हसला, असं रुख्मिणी म्हणते.
पेटी खाटेखाली आहे. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत देवरावचं नाव आणि हुद्दा लिहिलाय. कुलूप मोठं आहे आणि किल्ली तो उमरेडला घेऊन गेला.