आधी मेण, मग कुंकू

खंडेनवमी, २००५. शुगर लँड, टेक्सास.

बोटांना अजून मधाचा वास येतोय.

वयामुळे आपले हात थरथरायला लागले म्हणून शेजारच्या अर्लकाकांनी त्यांच्या वडिलांचं बंदुकीच्या गोळ्या मापात आणायचं जुनं यंत्र मला देऊन टाकलं. दांडा दाबला की शिशाची ओतीव गोळी खाली जाते आणि वर येते ती मापात बसून, खाचांत मेण भरून.

आज आईने त्याला कुंकू लावलं. संध्याकाळी काका गराजमध्ये आले. “रस्ट?” म्हणाले, आणि फडक्याने पुसूनच टाकलं! आज आम्ही हत्यारं पुजतो, हे सांगावं की नको? सांगितलं. काकांनी ओशाळून कॅप काढली.

आई मात्र हसली. “तेलकट लोखंडावर टिकतच नव्हतं रे.” यंत्रातलं मेण तिने बोटावर घेतलं, हुंगलं. “अगं बाई, मधमाश्यांचंच की!” मग आधी मेण, वर कुंकू, पूर्वी बायका कपाळाला लावायच्या तसं.

काकांना सगळं समजावून सांगितलं. ते त्या लाल ठिपक्यापाशी वाकले. मग दांड्याकडे बोट करून विचारलं, “मे आय?”

माझ्याच गराजमध्ये, त्यांच्याच यंत्राला हात लावायची परवानगी!

दांडा धरताना काकांचा हात थरथरतच होता. गोळी मात्र बरोब्बर मापात वर आली.