घोंगडीच्या सहलीला पालकाची सही

चिंचवड, रविवार, ७ जानेवारी १९७३, सकाळचे साडेआठ. शर्टाची कॉलर घासून वाळत घातली आणि लगेच लिहायला बसलो.

आदरणीय धोंडीबामामांस भीमराजचा सविनय जय भीम. तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला कसा आहे ते कळवावे. म्हैस व्याली असल्यास तेही कळवावे. मी बरा आहे. हॉस्टेलची आमटी आहे तशीच आहे.

सव्वीस तारखेला आमच्या कंपनीचे हस्तलिखित निघते. अक्षर बरे म्हणून उतरवायचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्यात माझीही एक गोष्ट घातली. डोंगरावर चेटक्यांच्या पोरांची वसतिशाळा आहे आणि ती पोरे उडत्या घोंगडीवर बसून समुद्र पाहायला जातात, एवढीच गोष्ट. ती तपासायला दोन विद्वान बसले. टाइम ऑफिसातले हिंदुराव (यांनी हजेरीपटाशिवाय आयुष्यात काही वाचलेले नाही) पहिल्याच पानावर अडले. "सहलीला निघाली खरी, पण पालकांच्या सह्या कुठायत?" मी सांगितले, पालक चेटके आहेत, जंगलात राहतात. "मग अंगठे घे." स्टोअरचे अर्जुनराव त्याहून थोर. घोंगडी कुणाच्या नावावर काढली आणि परत घेताना भोके कोणी पाहिली, हे त्यांना आधी हवे. रविवारी घोंगडी हाकणाऱ्या भुताला ओव्हरटाइम द्यावा की बदली सुट्टी, यावर चहा निवेपर्यंत दोघे भांडले. (भूत असते याबद्दल मात्र दोघांना शंका नाही.) शेवटी फाटकावर पास तपासणारा वेताळ घालायला लावला. आता पोरे दोन पाने रांगेतच उभी आहेत आणि समुद्राला अर्धी ओळ उरली आहे. जादूच्या शाळेतही ज्यांना सही लागते, अशा माणसांची मला कीव येते. ज्याला जायचे त्याने जावे.

वर हिंदुराव विचारतात, "राव, समुद्र आपल्या प्रेस मशीनसारखा धडधडतो म्हणून लिहिलंयस. पाहिलायस का कधी?" मी पेनाचे टोपण घट्ट करत बसलो.

मामींना जय भीम.

आपला आज्ञाधारक भाचा,
भीमराज

ता. क. : येत्या रविवारी आम्हा अप्रेंटिसांची अलिबागला सहल आहे. हॉस्टेलात राहणाऱ्याला पालकाची सही लागते. वडील गेल्यापासून कंपनीच्या करारावर पालक तुम्हीच आहात. सोबतच्या कागदावर खाली उजवीकडे पेन्सिलीने फुली केली आहे, तिथे सही करावी. "करार संपेस्तवर भटकायचं न्हाई" हे तुमचे बोलणे लक्षात आहे. पण प्रेस मशीनचे वाक्य खोडून समुद्राची अर्धी ओळ मी अजून कोरी ठेवली आहे.

पुन्हा ता. क. : सही केल्याने परवानगी दिल्यासारखे वाटत असेल, तर नुसता अंगठा उठवावा. अंगठा चालतो. हिंदुरावांना विचारून घेतले आहे.