‘आजी’ नावाचा ब्रश

३ मार्च
या घरातल्या खुर्च्या गरगर फिरतात. टेकायला गेलं की तोंड भिंतीकडे! बाकी घर झकास. ऊन भरपूर, नात आनंदात. ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, कागदावर नाही, काचेच्या पाटीवर. माझा हात थरथरतो, एकटीनं गॅस पेटवू नये, म्हणून लेकानं मला इथं नातीकडे आणून सोडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात चालता राहायला रोज चार ओळी लिहा. म्हणून ही वही. अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेला उकिरडा. हसायचं काम नाही.

७ मार्च
नातीनं ब्रश दाखवला. म्हणायला ब्रश, हातात नुसती काडी. पाटीवर आडव्या पट्ट्या, त्यांवर मणी सरकवायचे. एक जाडीचा. एक दाबाचा, जोर दिला की रेघ फुगते, सोडला की उंदराच्या शेपटीसारखी निमुळती. एक हात सावरणारा. तो पुढे ढकलला तर माझी रेघ सरळ सुतात आली. जन्मभर कापडावर खडू ओढलाय मी. म्हटलं, ही रेघ माझी नाही. नातीनं मणी शून्यावर आणला, तशी माझी थरथर हुबेहूब उमटली. पोर खूष! अशी जिवंत रेघ तिला साधत नाही म्हणे. त्या रेघेचाच एक ब्रश करून ठेवला, नाव दिलं ‘आजी’. मीही शेफारले.

१२ मार्च
सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवला. मला संशय आला, कार्टी दुधात काहीतरी घालते. तसं विचारलं तर खो खो हसली. हसताना तिच्या हातातला चहा सांडला.

१५ मार्च
नात दिवसभर ‘आजी’ घेऊन बसते. जेवताना तिचा चमचा ताटावर वाजत होता. दमले म्हणाली. आमच्या घराण्यात माझ्याशिवाय हात कुणाचा थरथरत नाही, आणि माझाही म्हातारपणी. हे आजचं अक्षर बघा. मोत्याचे दाणे. मला नाही आवडलं.

१८ मार्च
स्टुलावर चढून जळमटं काढली. गुडघा कुरकुरला नाही. नात भिंत धरून उठते, उठताना “अगं बाई गं” म्हणते, माझ्याच सुरात. चष्मा कुठंय विचारत होती. तिला चष्मा नाही. मी माझा दिला. तिला त्यातून स्वच्छ दिसलं.

१९ मार्च
ब्रश पुसून टाक म्हटलं. काम अर्धवट आहे म्हणून फुरंगटली. ती आंघोळीला गेल्यावर काडी घेतली. साधा ब्रश, मणी शून्यावर, रेघ ओढली. पट्टीनं मारावी तशी सरळ. म्हणजे थरथर माझ्यात उरलीच नाही. माझं म्हातारपण आहे ते, पोरीला कशाला? ‘आजी’ पुसला.

२० मार्च
पुसून उपयोग नाही. हात तिचा थरथरतोच. मी पहिलं झंपर उलटं कापलं तेव्हा सासू काय बोलली, ते तिनं आज सांगितलं. शब्द न् शब्द. मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मग मलाच विचारते, “पोरी, तू कुणाची गं?”

२१ मार्च
माझी वेणी घातली. काळी. आरसा पालथा केला.
तिच्या कपाळावर पांढरी बट—
पाटी धरली तिच्यासमोर. म्हटलं, माझं मला परत दे, उलटी रेघ ओढ, काहीही कर. काडी धरवत नाही तिला.
लेक येतोय. जिन्यात पावलं—
हाक मारली त्यानं. “आई!”
ही उठतेय. भिंत धरून. तोंड उघडलं—
बस खाली, कार्टे. तो माझा लेक आहे. ओ मी द्यायची. तू नाही. मी—